दर तीन लिटरला नायट्रो इंजिनचं कॉम्प्रेशन जातंय? नवा एअर फिल्टर घेण्याआधी हे तपासा

तक्रार साधारण अशी असते. रिमोटवर चालणाऱ्या मॉडेल गाडीचं नवीन नायट्रो इंजिन (नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर चालणारं छोटं इंजिन) नीट ब्रेक-इन केलेलं, म्हणजे सुरुवातीला सांभाळून चालवून रुळवलेलं आहे. इंधनाचा पहिला लिटर झकास जातो, दुसऱ्या लिटरलाही गाडी तशीच पळते. तिसऱ्याच्या आसपास इंजिन तापलं की आयडलवर बंद पडायला लागतं. थंड झालं की चालू होतं, चार फेऱ्या मारल्या की पुन्हा बंद. मग आपण कार्बोरेटरच्या सुया (इंधनाचं प्रमाण ठरवणारे स्क्रू) फिरवत बसतो, इंधन पेटवणारा ग्लो प्लग बदलतो, इंधनाला दोष देतो. शेवटी फ्लायव्हील हाताने फिरवून बघतो, तेव्हा पिस्टन अगदी वर आल्यावर जिथे जोर लावावा लागायचा तिथे हाताला काहीच लागत नाही. चाक नुसतं गरगर फिरतं, म्हणजे कॉम्प्रेशन गेलेलं असतं.

माझी अशी दोन इंजिनं गेली. दोन्ही ३.५ सीसीची, एक अष्टमांश मापाच्या ऑफरोड बग्गीवरची. दोन्ही वेळा मी एअर फिल्टरला जबाबदार धरलं आणि आधीच्यापेक्षा महागाचा फिल्टर घेतला. तरी दुसरं इंजिन पहिल्याच वाटेने गेलं. मग थांबून, एकेक भाग सुटा करून, धूळ नेमकी कुठून शिरते ते शोधलं. आता तिसरं इंजिन सातव्या लिटरला आहे आणि पिस्टन वर येताना अजून हाताला चांगलं अडतं. मधल्या काळात जे समजलं ते सगळं इथे लिहितोय, कारण आपल्याकडे इंजिन, पिस्टन-स्लीव्ह, बेअरिंग हे सगळं बाहेरून मागवावं लागतं आणि एक सेट गेला की दोन-तीन महिने गाडी कपाटावर बसते.

दोष धुळीचाच आहे ना?

कॉम्प्रेशन जाण्याची कारणं एकाहून जास्त आहेत, म्हणून आधी खात्री करा. या इंजिनांत बहुतेक वेळा पिस्टनला रिंग नसते. ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळी स्लीव्ह (पिस्टन जिच्यात वर-खाली होतो ती नळी) आणि स्लीव्हला आतून क्रोमचा मुलामा अशी रचना असते. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. इंजिन थंड असताना पिस्टन तिथे घट्ट अडकतो, त्याला आपण पिंच म्हणतो. इंजिन तापलं की पितळ जास्त पसरतं आणि दोघांचं माप बरोबर जुळतं. सगळा खेळ काही मायक्रॉनचा आहे. पिस्टन तेवढा झिजला की थंड असताना जेमतेम जुळतो आणि तापल्यावर फट पडते. म्हणूनच हा दोष आधी गरम इंजिनात दिसतो.

इंजिन लीन चालवून, म्हणजे इंधन कमी आणि हवा जास्त अशा मिश्रणावर चालवून जाळलं असेल, तर पिस्टनचा माथा करपलेला दिसतो, प्लगची तार वाकडी किंवा पांढुरकी झालेली असते. त्या वेळी हेडचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) तापमानही वाढलेलं तुम्हाला आठवत असेल. धुळीने गेलेल्या इंजिनाच्या खुणा वेगळ्या असतात. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे, पूर्वीची चकाकी जाऊन आलेला मंद करडा रंग, आणि कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) खालच्या बुशीत खडखड. कार्बोरेटरची सरकती नळी बाहेर काढून बघा. तिच्यावर बारीक रेघा असतील तर हवा धूळ घेऊनच आत गेली, यात शंका ठेवू नका. या नळीजवळ पिस्टन नसतो, जळण्याचं काही कारण नसतं. तिथे रेघ फक्त बाहेरून आलेला कणच ओढू शकतो.

रॉडची बुश पिस्टनच्या आधी का जाते, हे कळायला हवेचा रस्ता बघावा लागतो. हे टू-स्ट्रोक इंजिन आहे. कार्बोरेटरमधून आलेली हवा थेट पिस्टनच्या डोक्यावर जात नाही. ती आधी क्रँकशाफ्टच्या पोकळीतून इंजिनाच्या पोटात उतरते, बेअरिंग आणि रॉडवरून फिरते आणि मग बाजूच्या वाटांनी वर चढते. त्यामुळे आत आलेला प्रत्येक कण इंजिनातल्या जवळजवळ प्रत्येक हलत्या भागाला भेटूनच बाहेर पडतो. जे तेल या भागांना वंगण देतं, तेच कणाला धरून ठेवतं आणि घासत राहतं.

किती हवा, किती धूळ

या छोट्या इंजिनाच्या भुकेचा अंदाज सहसा कुणाला नसतो. ३.५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला एकदा हवा ओढतं. मिनिटाला ३०,००० फेरे धरले तर हिशेबाने १०५ लिटर हवा होते. प्रत्यक्षात सिलिंडर दर वेळी पूर्ण भरत नाही आणि आपण सगळा वेळ पूर्ण थ्रॉटलवरही नसतो, तरी १२५ सीसीच्या एका टाकीत पाच-सहाशे लिटर हवा सहज जाते. एक लिटर इंधन म्हणजे अशा आठ टाक्या. सोसायटीच्या गच्चीवर पाच हजार लिटरची पाण्याची टाकी असते ना, तिच्या आकाराएवढी हवा लिटरभर इंधनामागे त्या लहानशा फोममधून जाते. आणि ती हवा कुठली? जमिनीपासून वीतभर उंचीवरची, चार चाकांनी उडवलेल्या धुरळ्यातली.

मी गाडी चालवतो ती जागा फलटणकडे, मामांच्या शेताच्या कडेला. काळी जमीन आणि तिच्यावर मुरूम पसरून केलेला ट्रॅक. मुरूम म्हणजे झिजलेला बेसॉल्ट, आणि बेसॉल्टमधलं फेल्डस्पार हे खनिज कठीणपणाच्या मोस मापावर ६ च्या आसपास येतं. ॲल्युमिनियम आणि पितळ तीनच्या आसपास. म्हणजे मुरमाचा कण पिस्टनपेक्षा कितीतरी कठीण. क्रोमचा मुलामा या कणांना सहजी दाद देत नाही, पण पिस्टन देतो. कण पिस्टनच्या मऊ अंगात रुततो आणि मग पिस्टनच कानस होऊन बसतो. मुरमाचा खडा फोमवर अडतो, त्याची काळजी नाही. काळजी आहे ती उन्हाळ्यात गाडीवाटेवर जो पिठासारखा फुफाटा साठतो त्याची. पाय टाकला की घोट्यापर्यंत जातो आणि हवेत उडाला की खाली बसायला तयार नसतो. इंजिन खातो तो हा.

गाळणीची कल्पना डोक्यातून काढा

फिल्टर म्हटलं की आपल्याला चहाची गाळणी आठवते. भोक बारीक असेल तर गाळणं चांगलं, असा सरळ विचार. मीही याच विचाराने जास्त बारीक, जास्त दाट फोम शोधत होतो. मग एकदा कागदावर हिशेब मांडला. फोमचा दाटपणा एका इंचात किती छिद्रं आहेत त्यावर सांगतात. दाट म्हणून मिळणारा ६० छिद्रांचा फोम घेतला तरी एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर, भागिले ६०. एकेक छिद्र जवळजवळ ०.४ मिलिमीटरचं झालं. फुफाट्यातला कण मिलिमीटरचा शंभरावा भाग किंवा त्याहूनही लहान. चाळीस कण खांद्याला खांदा लावून एका छिद्रातून जातील. काळ्या मातीतली चिकणमाती तर ०.००२ मिलिमीटरच्याही खाली असते.

मग कोरडा फोम धूळ कशी अडवतो? फार थोडी अडवतो. अडवण्याचं खरं काम तेल करतं. फोमच्या आत वाट सरळ नसते, ती दर अर्ध्या मिलिमीटरला वळते. हवा वळते, कण जड असल्यामुळे वळत नाही, तो फोमच्या तंतूवर जाऊन आदळतो. तंतू चिकट असेल तर कण तिथेच राहतो. कोरडा असेल तर आपटून पुढे निघून जातो. माशा धरायच्या चिकट कागदासारखं हे काम आहे.

ही गोष्ट मला पहिल्यांदा कुणी समजावली असेल तर ती मामांनी. दुसरं इंजिन गेलं त्या दिवशी मी ओट्यावर सगळे भाग मांडून बसलो होतो. मामा आले, फिल्टर हातात घेतला, दोन बोटांत दाबला आणि म्हणाले, ‘अरे, हा तर कोरडा ठणठणीत आहे. यात तेल कुठंय?’ मग मला गोठ्यामागे ट्रॅक्टरजवळ नेलं आणि त्याच्या एअर क्लीनरची खालची वाटी सोडून दाखवली. जुन्या ट्रॅक्टरांवर हा ऑईल बाथ प्रकार असतो. हवा आधी तेलावर येऊन आपटते, मग वरच्या जाळीतून इंजिनाकडे जाते. वाटीच्या तळाला बोटभर चिखल बसलेला होता. तो सगळा गाळ एरवी इंजिनात गेला असता. ‘नांगरटीच्या दिवसांत हे तेल बघितल्याशिवाय मी किल्ली फिरवत नाही,’ मामा म्हणाले. माझ्या फिल्टरच्या पाकिटावर ‘तेल लावलेला’ असं छापलेलं होतं, त्यावर विसंबून मी तो तसाच बसवला होता. पाकिटातला फोम महिनोन्‌महिने दुकानात पडून राहिला की तेल एका कडेला उतरतं आणि बाकीचा भाग कोरडा राहतो. तेव्हापासून पाकिटातून काढलेला फोमही मी पुन्हा मळल्याशिवाय लावत नाही.

मग फिल्टर कुठला?

जमीन कुठली यावर ठरतं. डांबरी किंवा काँक्रीटच्या ट्रॅकवर ऑनरोड गाडी चालवत असाल तर तिच्या डब्यातला छोटा फिल्टर पुरतो. तिथे धूळ कमी असते, हवा मोकळी मिळणं जास्त महत्त्वाचं. तोच फिल्टर मातीत चालवायच्या गाडीला लावू नका, मग तो कितीही देखणा असो.

कागदी फिल्टर मी या इंजिनाला सुचवणार नाही. मोटारीत कागद उत्तम काम करतो, पण नायट्रो इंजिनाचा कार्बोरेटर इंधनाचे थेंब मागे फेकतो. कागद तेलकट इंधनाने भिजला की हवा कोंडते, आणि एकदा भिजलेला कागद धुऊन पूर्वीसारखा होत नाही.

तयार गाडीबरोबर येतो तो बहुधा एका थराचा फोम. गवतावर, ओल्या मातीवर, अंगणात तो चालतो. कोरड्या मुरमावर पुरत नाही. तिथे दोन थरांचाच घ्या: बाहेर विरळ फोम, आत दाट फोम. विरळ थर मोठा कचरा आणि बरीचशी धूळ उचलतो, त्यामुळे आतला दाट थर लवकर कोंडत नाही. धुताना दोन्ही थर वेगळे होतात, तर परत बसवताना त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. दाट थर बाहेर गेला तर एका टाकीतच तो भरून जातो.

दोन थरांच्या फिल्टरांत आपापसात फरक असतो तो फोमपेक्षा खालच्या रबरी मानेत. दुकानात मी आता पहिल्यांदा मान बघतो. तिचं आतलं माप आणि तुमच्या कार्बोरेटरच्या तोंडाचं बाहेरचं माप जुळलं पाहिजे. व्हर्नियर असेल तर मोजूनच जा. सैल मान झिप टाय आवळून बसवता येते असं वाटतं, पण सैल रबर आवळलं की त्याला चुणी पडते, आणि चुणीखाली बोगदा तयार होतो. मान किंचित लहान असलेली चालेल, ताणून बसवा. मोठी नको. रबर बोटाने दुमडून बघा, दुमडलेल्या रेषेवर बारीक भेगा दिसल्या तर तो तुकडा दुकानात बराच काळ पडलेला आहे. फोमला आतून प्लॅस्टिकचा सांगाडा आहे का तेही बघा, नसेल तर फोम आत ओढला जाऊन बुडाची कड उचलते. आणि सुटे फोम मिळतात का हे विचारून घ्या. फिल्टर एकच असला तरी चालेल, फोमचे किमान तीन संच हवेत. त्याचं कारण पुढे येईल.

बाहेरून घालायचा नायलॉनचा मोजा मिळतो. काडीकचरा, वाळलेलं गवत अडवायला तो चांगला आहे. फुफाटा अडवण्याचं काम मात्र त्याच्याकडून होत नाही.

तेल लावणं

इथे घाई केली तर बाकी सगळं फुकट जातं, म्हणून जरा विस्ताराने.

फोम फिल्टरसाठीचं तेलच घ्या. मोटोक्रॉसच्या मोटारसायकलींसाठी मोतुलसारख्या कंपन्यांचं हे तेल आपल्याकडे मिळतं आणि एक बाटली आपल्याला दोन वर्षं पुरते. हे तेल लावताना पातळ असतं, त्यातला द्रावक उडून गेला की मधासारखं चिकट होतं. इंजिन ऑईल किंवा आफ्टर-रन ऑईल (गाडी चालवून झाल्यावर गंज टाळायला इंजिनात सोडायचं तेल) लावलं तर ते फोममध्ये टिकत नाही, ओघळून तळाला जमतं आणि तिथून कार्बोरेटरमध्ये ओढलं जातं. गंज सोडवायचा स्प्रे तर अजिबात नको, तो दोन टाक्यांत वाळून जातो.

फोम प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत घाला, वरून चार-पाच मिलिलिटर तेल सोडा आणि पिशवीचं तोंड धरून कणीक मळावी तसं बाहेरून मळत राहा. बहुतेक तेलांत निळा किंवा लाल रंग मुद्दाम घातलेला असतो, तो सगळीकडे सारखा दिसेपर्यंत मळायचं. पांढरट ठिपका राहिला म्हणजे तेवढ्या जागेतून धुळीला मोकळी वाट आहे. मग फोम टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून हलक्या मुठीने दाबा. जास्तीचं तेल निघून गेलं पाहिजे. फोम ओला दिसावा, पण दाबल्यावर थेंब पडू नये. बाहेरच्या विरळ थराला मी भरपूर लावतो, आतल्या दाट थराला बेताने, कारण दाट थरात तेल जास्त झालं की छिद्रंच बुजतात.

रात्रभर तसाच ठेवा. द्रावक उडाला नाही तर तेल चिकट होत नाही, आणि मैदानावर उभं राहून तेल लावून लगेच गाडी सोडणाऱ्यांचं इथेच चुकतं. फोमचे तीन संच हवेत ते याचसाठी. शनिवारी संध्याकाळी तिन्ही तयार करून झाकणाच्या डब्यात ठेवायचे, रविवारी फक्त बदलायचे.

फिल्टर चांगला, तरी धूळ आत: गळती शोधा

दोन इंजिनं घालवल्यावर मला जी गोष्ट सापडली ती फिल्टरमध्ये नव्हतीच. नवा फिल्टर, नीट तेल, सगळं करून मी ग्रीसची चाचणी केली. फिल्टरची मान सोडायची, आतल्या भिंतीला, फोमच्या लगेच खाली, पांढऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवायचा. अंगठीएवढी रुंद पट्टी पुरते, आणि इतकी पातळ की बोट लावलं तर जेमतेम कळेल. जाड थर दिला तर तोच इंजिनात जाईल. कार्बोरेटरच्या तोंडाजवळ लावू नका, मागे फेकलेल्या इंधनाने तो तिथून धुऊन जातो. मग एक टाकी नेहमीसारखी चालवायची आणि ग्रीस स्वच्छ पांढऱ्या फडक्यावर पुसून घ्यायचं. दोन बोटांत चोळून बघा, कचकच लागली तर धूळ आत जातेय.

ही चाचणी फक्त हो-नाही सांगत नाही, ती जागाही सांगते. ग्रीस सगळीकडे सारखं काळवंडलं असेल तर धूळ फोममधून येतेय: तेल कमी किंवा फोम फाटलेला. माझ्या बाबतीत एकाच बाजूला, खालच्या अंगाला, करडी रेघ होती आणि बाकीचं ग्रीस पांढरं. त्या रेघेच्या वर फोम आणि प्लॅस्टिकची बैठक यांच्यात केसाएवढी फट होती. फोम धुताना मी पिळत होतो, त्यामुळे त्याची कड वेडीवाकडी झाली होती आणि ती बैठकीवर टेकत नव्हती. महागाच्या फिल्टरलाही मी तेच केलं होतं. आता फोम बसवताना बैठकीच्या कडेला ग्रीसची बारीक वळी फिरवतो आणि मगच फोम दाबतो.

मान आणि कार्बोरेटर यांचा जोड ही दुसरी जागा. तिथे एक झिप टाय पुरत नाही. झिप टायच्या डोक्याखाली रबर नीट दाबलं जात नाही, तिथे जरा उचललेलं राहतं. दोन लावा आणि दोघांची डोकी समोरासमोरच्या बाजूंना ठेवा, म्हणजे एकाची ढिली जागा दुसरा झाकतो.

तिसरी जागा फिल्टरच्या पुढे आहे, म्हणून कितीही चांगला फिल्टर घेतला तरी तिचा उपाय होत नाही. कार्बोरेटर इंजिनात बसतो तिथली रबरी ओ-रिंग, सुयांच्या ओ-रिंगा, मागच्या प्लेटचं गॅस्केट आणि पुढचं बेअरिंग. इंजिनाच्या पोटात दर फेऱ्याला आलटून पालटून दाब आणि ओढ तयार होते, आणि ओढ असताना या फटींतून हवा आत येते. ती न गाळलेली असते. या गळतीची आणखी एक खूण आहे: थ्रॉटल सोडल्यावर इंजिन लगेच खाली येत नाही, काही वेळ वरच्या फेऱ्यांवरच रेंगाळतं, आणि सुया कितीही फिरवल्या तरी आयडल एका जागी राहत नाही.

तपासायला इंजिन गाडीतून काढा. एक्झॉस्टला रबरी बूच लावा, इंधनाची नळी जोडतो ते तोंड बोटाने बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कार्बोरेटरच्या तोंडाला जुळणारी नळी लावून तोंडाने हळू फुंका. जोडांवर भांडी घासायच्या लिक्विडचा फेस ब्रशने लावलेला असेल तर गळतीच्या जागी बुडबुडे फुगतात. पुढच्या बेअरिंगला एखाददुसरा बुडबुडा येणं चालून जातं, कार्बोरेटरच्या बुडाला एकही नको. पाण्यात बुडवून बघणारेही आहेत, पण आतलं बेअरिंग लवकर गंजतं म्हणून मला फेसच बरा वाटतो. झाल्यावर पुसून, आफ्टर-रन ऑईलचे थेंब सोडून इंजिन फिरवून ठेवा.

धुणं आणि बदलणं

कोरड्या मुरमावर मी तीन टाक्यांनंतर फोम बदलतो. ओल्या मातीवर दिवसभर एकच चालतो. बाहेरचा थर रंग बदलून मातकट झाला की वेळ झाली, आकडा लक्षात ठेवायची गरज नाही. आतल्या थरापर्यंत मातकट रंग पोचलेला दिसला तर तुम्हाला उशीर झाला आहे.

फिल्टर सोडायच्या आधी मानेभोवतीची धूळ ब्रशने झाडा आणि फिल्टर काढला की लगेच कार्बोरेटरच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. फोमने आठवडाभर अडवलेली धूळ शेवटच्या क्षणी आपल्याच हाताने आत पाडलेली मी बघितली आहे. ग्लो प्लग काढतानाही तेच: आधी हेडवरची माती झाडायची.

फोम आधी घासलेटमध्ये दाबून दाबून तेल सोडवा, मग भांडी घासायचं लिक्विड आणि कोमट पाणी. पिळायचं नाही, तळहातात दाबायचं. थिनर, ॲसिटोन, कार्बोरेटर क्लीनर यांनी फोमचा जोड सुटतो आणि फोम फुगतो. कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ आणखी आत जाते. सावलीत वाळवा, ऊन लागलेला फोम काही महिन्यांत बोटाला भुगा देतो. भुगा द्यायला लागलेला फोम लगेच टाकून द्या, तो भुगाही इंजिनच खाणार.

फोम बदलल्यावर एक धोका असतो आणि त्याने धुळीपेक्षा लवकर इंजिन जातं. फोम कोंडत गेला की हवा कमी मिळते आणि मिश्रण आपोआप रिच होतं, म्हणजे त्यात इंधन जास्त होतं, गाडी सुस्त वाटते. आपण हाय स्पीडची सुई थोडी आत घेतो, गाडी पुन्हा पळते. पुढे स्वच्छ फोम लावला की हवा एकदम मोकळी मिळते आणि सुई मात्र आतच राहिलेली असते. इंजिन लीन होऊन तापतं. म्हणून फोम बदलला की सुई अष्टमांश फेरा बाहेर काढा, एक टाकी धुराची रेघ आणि हेडचं तापमान बघत चालवा आणि मग हळूहळू मूळ जागी आणा. गाडी सुस्त झाली की सुईला हात लावण्याआधी फोम बघायचा, ही सवय मला फार उपयोगी पडली.

पावसाळ्यात धूळ नसते म्हणून फोम कोरडा ठेवणारे असतात. ते करू नका. तेल लावलेल्या फोमवरून पाणी बरंचसं निथळतं, कोरडा फोम ते स्पंजासारखं पितो. कोकणात जाऊन जांभ्या दगडाच्या लाल मातीवर चालवणार असाल तर फोमचे संच दुप्पट न्या. ती माती वाळल्यावर फार बारीक उडते.

आधीच धूळ खाल्लेल्या इंजिनाचं काय?

त्यावर नुसता नवा फिल्टर लावून ते वाचत नाही. पिस्टनमध्ये रुतलेले कण तिथेच असतात आणि बेअरिंगच्या गोळ्यांमध्ये अडकलेली माती पुढच्या कितीतरी टाक्या फिरत राहते. इंजिन पूर्ण खोला. सगळे भाग पेट्रोलने धुवा, हे काम बाहेर मोकळ्या हवेत, आगीपासून लांब करायचं. दोन्ही बेअरिंग हातात धरून फिरवून बघा. खरखर लागली तर धुऊन वापरायचा मोह टाळा, बदला. रॉड क्रँकपिनवर उभ्या दिशेने हलवून बघा, हालचाल हाताला जाणवली तर रॉडही बदला, कारण तो तुटला की पिस्टन, स्लीव्ह आणि क्रँककेस तिन्ही घेऊन जातो.

पिंच थोडीच कमी झाली असेल तर स्लीव्ह वरून दाबून पुन्हा निमुळती करून देणारे कारागीर असतात. पण पिस्टनवर नखाला लागतील असे ओरखडे असतील तर तो खर्च करू नका. तो पिस्टन नव्याने घट्ट केलेली स्लीव्हही कातत राहील. अशा वेळी पिस्टन आणि स्लीव्ह जोडीनेच घ्या, पुन्हा पूर्ण ब्रेक-इन करा, आणि ब्रेक-इनच्या पहिल्या टाकीलाच ग्रीसची चाचणी लावा.